कुत्र्याला कोंडा दिसला की लगेच आंघोळ घालू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत पाळीव कुत्र्यांच्या निगेवर एक चौकट आली होती. त्यात लिहिलं होतं की थंडीत कुत्र्याची कातडी कोरडी पडून कोंडा झाला तर आठवड्यातून दोनदा कोंड्याच्या शाम्पूने आंघोळ घाला आणि वरून खोबरेल तेलाने मालिश करा. हे वाचलं आणि मी हातातला वस्तरा खाली ठेवला, खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला म्हटलं दोन मिनिटं थांबा मामा, हे आधी परत वाचू द्या. कारण गेल्या वर्षी मी अगदी हेच केलं होतं आणि माझ्या कुत्र्याची पार वाट लावून ठेवली होती. म्हणून हे पत्र. माझं लिहिणं काही पुस्तकी नाही, मोबाईलवर बोलून बोलून टाईप करतोय, चुका तेवढ्या सांभाळून घ्या.

माझं सलूनचं दुकान आहे, वीस वर्षं झाली. कोंडा हा आपला रोजचा विषय. डोक्याला हात लावला की सांगतो, हा तेलकट कोंडा, हा सुका, हे गजकर्ण, दादा तुम्ही आधी डॉक्टरला दाखवा मग कटिंगला या. आणि एवढा शहाणा माणूस घरच्या कुत्र्याच्या बाबतीत सपशेल येडा ठरला.

कुत्र्याचं नाव पिंट्या. आई गावठी, बाप बहुतेक कुणाच्या तरी बंगल्यातला लॅब, बावीस किलोचा, काळा कुळकुळीत. दिवाळीच्या आसपास एक दिवस सकाळी वसरीत दाढीचा आरसा पुसत बसलो होतो, ऊन तिरपं आत आलेलं, पिंट्या उठला आणि अंग झाडलं. त्या उन्हात पांढरं पांढरं उडालं की ओ! जात्याजवळ पीठ उडतं तसं. जवळ घेऊन बघितलं तर कंबरेपासून शेपटीपर्यंत ज्वारीचं पीठ सांडल्यासारखी पाठ, केस दाताखाली कडकड वाजतील असे राठ. पांढऱ्या कुत्र्याला असता तर महिनाभर कळला नसता, काळ्याला लपत नाही. शेजारची लेकरं तर त्याला पिंट्या सोडून कोंड्याच म्हणायला लागली.

आता मी काय करणार, सलूनवाला. दुकानातली कोंड्याची बाटली उचलली आणि बोअरच्या पाण्याने खसाखसा धुतला. दोन दिवस बरा दिसला. तिसऱ्या दिवशी परत पीठ. परत धुतला. असं महिनाभर चाललं, दर तिसऱ्या दिवशी आंघोळ, मधे एकदा डेटॉलचं बूच पण टाकलं पाण्यात, आणि प्रत्येक आंघोळीनंतर कोंडा वाढतच चाललेला. वर आता खाज सुरू झाली, रात्रभर खरखर खरखर, मागच्या पायाची नखं फरशीवर आपटतात तो आवाज, घरात कुणाला झोप नाही. मग खोबरेल तेल चोपडलं. तेल लावलेला कुत्रा आमच्याकडे काय करतो तर सरळ जाऊन मातीत लोळतो. तेल, माती आणि कोंडा याचा असा थर बसला की फणी घातली तर तुटेल.

तोवर दुकानात ही चर्चा पोचली होती. सलूनमध्ये एकदा विषय निघाला की प्रत्येक खुर्चीत एक डॉक्टर बसलेला असतो. एक म्हणाले गाडीचं जळकं ऑइल लावा, आमच्या शेतावरच्या कुत्र्याची खरूज अशीच गेली. दुसरे म्हणाले करंजाच्या तेलात गंधक. तिसऱ्याने फिनेलचं पाणी सुचवलं. चौथ्याकडे म्हशीच्या गोचिडाचं औषध उरलेलं होतं, म्हणे बाटलीत आहे तसंच कापसाने फिरवा. माझ्या गल्लीतल्याच एकाने ते तसं फिरवलं होतं, पाणी न घालता, तर कुत्रं लाळ गाळत थरथर कापत दोन दिवस बाजेखाली पडून होतं. ते बघितलेलं होतं म्हणून मी वाचलो, म्हणजे पिंट्या वाचला. लावलेली कुठलीही गोष्ट कुत्रं चाटतं, हे आपल्या लक्षातच येत नाही. जळकं ऑइल कातडीतून पण जातं आणि जिभेवरून पोटात पण जातं. आणि मेडिकलवाल्याकडून आणलेली ती गजकर्णाची ट्यूब, जिच्यात स्टिरॉइड पण असतं, ती तर माणसाची पण कातडी बिघडवते, माझ्या दुकानात रोज एक तरी नमुना येतो.

मग डॉक्टर. आपल्याकडे जनावरांचा दवाखाना म्हणजे बैल, म्हशी, शेळ्यांचा. मी गेलो तेव्हा बाहेर सात-आठ जनावरं बांधलेली, एक गाय अडलेली, आतला माणूस एकटा. त्याने लांबूनच पिंट्याकडे बघितलं, खाज आहे ना, म्हणून एक इंजेक्शन दिलं. आठ दिवस खाज गायब. मी खूश, गिऱ्हाइकांना सांगत सुटलो. नवव्या दिवशी दुप्पट. नंतर कळलं ते स्टिरॉइडचं होतं, ते खाज दाबतं पण कारण तिथंच राहतं, आणि आतून डेमोडेक्सचे, म्हणजे केसाच्या मुळाशी राहणारे बारीक किडे असतील तर उलट ते वाढतात. मी त्या माणसाला फार दोष देत नाही, अडलेली गाय सोडून त्याने माझ्या कुत्र्याचा कोंडा कधी बघायचा. पण हे असं आहे हे लिहायला पाहिजे.

संक्रांतीनंतर मित्राच्या छोटा हत्तीत घालून पिंट्याला परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात नेला. तिथं जे बघितलं ते आयुष्यभर विसरणार नाही, कारण काम सगळं माझ्याच धंद्याचं. डॉक्टरांनी आधी औषधाचं नावच काढलं नाही. बारीक दातांची फणी घेतली, उवांची असते तशी, आणि पाठीवरचा कोंडा काळ्या कागदावर झाडला, मग भिंग लावून बघत बसले. म्हटलं काय बघताय साहेब, तर म्हणे कोंडा चालतोय का ते बघतोय. मला वाटलं चेष्टा करतात. तर खरंच एक किडा असतो, चेलिटिएला नाव, इतका बारीक आणि पांढरट की कोंड्याचा कणच हळूहळू सरकतोय असं वाटतं. मग त्याच फणीत अडकलेले काळे ठिपके ओल्या कापसावर ठेवले. ठिपके विरघळून तांबूस झाले तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे रक्त, आणि नुसतेच काळे राहिले तर माती. आमचे काळेच राहिले. मग कानाची कड चिमटीत धरून चोळली आणि मागच्या पायाकडे बघितलं. खरजेचा किडा असेल तर कान चोळला की कुत्र्याचा मागचा पाय आपोआप खाजवल्यासारखा हलायला लागतो बरेचदा. पिंट्याचा पाय नाही हलला, तो माझ्याकडे बघून शेपूट हलवत होता.

आणि मग ब्लेड. ब्लेड माझ्याही हातात रोज असतं पण मी कातडी वाचवत चालवतो, ते मुद्दाम कातडी खरडत होते, बोथट बाजूने, जरासं तेल लावून, पार रक्ताचा बारीक थेंब दिसेपर्यंत. कामून विचारलं तर म्हणे काही किडे केसाच्या मुळाशी आत बसतात, वरवर खरडून सापडत नाहीत. ते काचेवर घेतलं, मायक्रोस्कोपखाली ठेवलं, मला पण डोळा लावू दिला. मला नुसते केस आणि कातडीच्या खपल्या दिसल्या. त्यांना पण तेवढंच दिसलं. किडा नाही, बुरशी नाही. सगळं मिळून अर्धा-पाऊण तास, बस. हेच दिवाळीला झालं असतं तर माझे तीन महिने आणि त्या जिवाची कातडी वाचली असती.

मग विचारलं, खायला काय घालता? म्हटलं भाकरी, ताक, सकाळी चहात बुडवून दोन टोस्ट. धुता कशाने? सांगितलं. किती वेळा? तेही सांगितलं, जरा आवाज खाली करूनच. घरात फरशी कशाने पुसता? फिनेलने. डॉक्टर हसले आणि जे सांगितलं ते मी दुकानात गेल्यावर आरशाच्या मागे कागदावर लिहून चिकटवलंय. माणसाच्या कातडीचा वरचा थर दहा-पंधरा पेशींच्या थरांचा असतो, कुत्र्याचा तीन ते पाच. म्हणजे आपली गोधडी आणि त्याचं उपरणं. आपली कातडी आंबटाकडे झुकलेली असते, पीएच साडेपाचच्या आसपास, त्याची सातच्या आसपास. आपला शाम्पू आपल्यासाठी बनवलेला, तो त्याच्या अंगावरचं जे काही थोडंबहुत तेल असतं ते पण धुऊन काढतो. वरून बोअरचं पाणी. आमच्या बोअरच्या पाण्याने बादलीला आतून पांढरी खपली धरते, साबणाला फेस येत नाही, हे सगळ्यांना माहिती, तीच खपली महिनाभर मी पिंट्याच्या अंगावर चढवत होतो. आणि उपरणं जर रोज दगडावर आपटून धुतलं तर ते विरणारच ना.

पण हे झालं नंतरचं. मुळात कोंडा आला तो खाण्यातून, असं त्यांचं म्हणणं पडलं. कुत्र्याच्या कातडीला चरबी लागते, त्यातली काही त्याच्या अंगात तयार होत नाही, पोटातूनच जावी लागते. भाकरी-ताकावर कुत्रं जगतं, पण कातडी आणि केस सगळ्यात आधी बोंब मारतात. थंडीची कोरडी हवा हे वरचं निमित्त. आणि उपाय काय सांगितला तर, साहेब, करडईचं तेल! मला हसूच आलं. अख्खा मराठवाडा करडई पिकवत आला, परभणीच्याच कृषी विद्यापीठाचं परभणी कुसुम नावाचं वाण आहे, आमच्या वडलांनी पेरलेलं आहे, आणि मी खोबरेल चोपडत बसलो होतो. करडईच्या तेलात लिनोलिक नावाचं आम्ल भरपूर असतं, तेच कुत्र्याच्या कातडीला लागतं. लावायचं नाही, जेवणावर घालायचं. पिंट्याला पहिला आठवडा अर्धा लहान चमचा, मग रोज एक, घाण्याचं ताजं तेल. भजी तळलेलं उरलेलं चालणार नाही, आणि जास्त घातलं तर आधी जुलाब, मग स्वादुपिंडाला सूज, तेव्हा हावरटपणा नको. जवस घालू का विचारलं, आपल्याकडे जवसाची चटणी सगळ्यावर औषध, तर म्हणे जवसातलं जे आहे त्याचा फार थोडा भाग कुत्र्याचं शरीर कामाला लावतं, त्यापेक्षा माशाच्या तेलाची गोळी, ती पण वजन बघून डॉक्टर सांगतील तेवढीच. बाकी रोज एक उकडलेलं अंडं, कच्चं नको, आणि जमेल तेव्हा बिनमसाल्याचं शिजवलेलं चिकन. घरातला रस्सा नको, कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला बाधतो. आमच्या मंडळींनी श्रावणात अंड्याला नाक मुरडलं होतं, शेवटी वसरीच्या कोपऱ्यात वेगळी चूल मांडून तोडगा निघाला.

आंघोळ महिन्यातून एकदा. डॉक्टरांनी दिलेल्या कुत्र्याच्याच शाम्पूने, कोमट पाण्याने, आणि फेस घड्याळ लावून दहा मिनिटं अंगावर ठेवायचा. हे दहा मिनिटं म्हणजे खरी परीक्षा, कुत्रं धरून बसायचं, त्याने एकदा अंग झाडलं की तुमची पण आंघोळ. मग शेवटचे दोन तांबे फिल्टरच्या पाण्याचे. आता आठवड्यातून दोनदा आंघोळ घाला म्हणणाऱ्यांना माझं एकच विचारणं आहे, 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तो आपला मुलूख, इथं उन्हाळ्यात माणूस एक दिवसाआड अंघोळ करतो आणि तुम्ही कुत्र्याला दोनदा सांगता? चौकट लिहिणारे कुठल्या गावचे होते देव जाणे.

आंघोळीच्या जागी रोज दहा मिनिटं ब्रश. हे मात्र मला कुणी शिकवायची गरज नव्हती. केसाच्या मुळाशी जे तेल असतं ते ब्रशने टोकापर्यंत ओढलं जातं, मेलेला कोंडा निघतो, आणि हात फिरतो म्हणून कुठं गाठ, कुठं गोचीड, कुठं टक्कल पडतंय ते आपोआप कळतं. जाता जाता एक, उन्हाळ्यात लोक माझ्याकडे पॉमेरियन आणि जर्मन शेफर्ड घेऊन येतात, एकाने तर सरळ खुर्चीत बसवलं, म्हणे झिरो मशीन मारा, गरम होतंय त्याला. मारत नाही मी. त्या कुत्र्यांना दोन थराचे केस असतात, ते ऊन पण अडवतात, काढून टाकले तर नाजूक कातडी उघडी पडून भाजते आणि केस परत येताना कसेही येतात.

एवढं करून पिंट्याला फरक कधी पडला? लगेच नाही. पहिले पंधरा दिवस काहीच नाही, मला वाटलं फसलो परत. कुत्र्याची कातडी खालून वर नवी होऊन यायला तीनेक आठवडे लागतात, केसाला त्याहून जास्त. शिमग्याला खाज थांबली, पाडव्याला पाठीवर हात फिरवला तर हाताला काही लागलं नाही. लोक इथंच चुकतात, आठ दिवसात फरक नाही म्हणून औषध बदलतात, परत आठ दिवसात बदलतात.

आता हे वाचून उद्या सगळे करडईचं तेल घालत सुटतील, त्याची मला भीती वाटते. ते पिंट्याचं औषध होतं, पिंट्याला तपासल्यावर दिलेलं. माझ्या एका गिऱ्हाइकाची लॅब्रेडॉर सात वर्षांची, कोंडा तसाच, पण ती जास्त न खाताही अंगाने सुटत चाललेली, दिवसभर झोपलेली, शेपटीचे केस गेलेले, खाज अजिबात नाही. तिचं रक्त तपासलं तर थायरॉईड निघालं, गोळी सुरू केली, तेलाने काही झालं नसतं. दुसऱ्या एका घरी कुत्र्याच्या कानाच्या कडेला आणि कोपरांना खपल्या, आणि त्या घरातल्या लेकरांच्या पोटावर, मनगटावर बारीक पुरळ, रात्री खाजवून खाजवून रडायची, घरचे घामोळ्या समजून पावडर लावत होते. ती खरूज होती, कुत्र्याची. खरजेचा किडा माणसावर येतो, चालणाऱ्या कोंड्याचा येतो, गजकर्णाची बुरशी तर सहज येते. म्हणून हा फक्त हौशी लोकांच्या लाडाच्या कुत्र्याचा विषय राहत नाही.

तेव्हा साहेब, तुमच्याकडे दोन मागण्या आहेत. एक, ती चौकट दुरुस्त करा आणि ठळक छापा की कोंडा हे लक्षण आहे, आधी खरडून तपासून घ्या आणि मगच काय लावायचं, काय खाऊ घालायचं ते ठरवा. दुसरी पशुसंवर्धन खात्याच्या कानावर तुमच्यामार्फत जावी अशी. तालुक्याच्या दवाखान्यात आठवड्यातला एक दिवस, एक दुपार का होईना, कुत्र्या-मांजरांची ठेवा, त्या दिवशी ब्लेड, काच आणि मायक्रोस्कोप टेबलावर असू द्या. मोठं मशीन कुणी मागत नाही. परभणीला नाहीतर उदगीरला गाडी करून जाणं सगळ्यांना परवडत नाही, माझे त्या दिवशी दुकान बंद धरून अडीच हजार गेले, ज्याच्याकडे नाहीत तो जळकं ऑइलच लावणार की.

बाकी पिंट्या मजेत. ही थंडी त्याची कोंड्याविना चाललीय. आता नवीनच ताप सुरू झालाय, काल एकजण खुर्चीत बसले, बाहेर पिंट्याकडे बघून म्हणाले, काय चमकतंय ओ कुत्रं, कुठलं तेल लावता? म्हटलं लावत नाही बाप्पा, खाऊ घालतो, करडईचं. ते गप्प बसले, मग आरशात स्वतःच्या खांद्यावरचा कोंडा झटकत हळूच म्हणाले, रोज एक चमचा का दोन?

आपला नेहमीचा वाचक,
एक सलूनवाला, जि. बीड
(नाव छापू नये ही विनंती, नाहीतर सगळा तालुका कुत्रे घेऊन दुकानात येईल.)